चार आवर्तनांचं इंजिनिअरिंग

परवा उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. पुढे इंजिनिअरिंगची दोन पोरं. जर्नल एक, प्रती दोन. वरच्या पानावर न्यूटन-रॅफसन पद्धत. प्रोग्रॅम छापलेला, आउटपुट छापलेलं, निष्कर्षसुद्धा छापलेला. हाताने लिहायचं ते फक्त नाव आणि रोल नंबर.

"हा प्रोग्रॅम चालवून बघितलास का रे?"

"कशाला काका? सही मिळते."

सही मिळते, टर्मवर्कचे मार्क मिळतात, वर्ष निघतं. गणित तेवढं राहून जातं.

विषय रुक्ष वाटेल, पण पान उलटू नका. तुमच्या डोक्यावरचा स्लॅब, धरणाच्या भिंतीची जाडी, पावसाळ्यात मोबाईलवर येणारा ऑरेंज अलर्ट, या सगळ्याच्या मागे हेच गणित आहे. बारावीची समीकरणं सूत्रात टाकली की सुटतात. खऱ्या कामातली बहुतेक सुटत नाहीत. मग काय करायचं? अंदाज बांधायचा, तो किती चुकला ते मोजायचं, सुधारायचा, पुन्हा मोजायचं. शंभर वेळा, लाख वेळा. अशी प्रत्येक फेरी म्हणजे एक आवर्तन. यालाच न्यूमरिकल मेथड्स म्हणतात, संख्यात्मक पद्धती.

एकच काम लाख वेळा, न कंटाळता, कोण करतं? संगणक करतो. तोच या विषयाच्या वर्गात नसतो.

रुंग या जर्मन गणितज्ञाने आपली पद्धत १८९५ मध्ये मांडली, कुट्टाने ती १९०१ मध्ये पुढे नेली. त्यांच्याकडे संगणक नव्हता, म्हणून त्यांनी कागदावर आकडे मांडले. आपल्या पोरांच्या खिशात संगणक आहे, तरी ती कागदावरच मांडतात. मधल्या सव्वाशे वर्षांचं काय केलं आपण?

मुंबई विद्यापीठाचा गणिताचा पेपर घ्या. ठरलेला वेळ, हातात कॅल्क्युलेटर. रुंग-कुट्टाची एक-दोन पावलं, गाउस-सायडलची तीन-चार आवर्तनं, उत्तर चार दशांश स्थळांपर्यंत. एवढ्यात बसणारीच गणितं पेपरात येतात. चार आवर्तनांत न सुटणारं गणित विचारलं जात नाही, म्हणून शिकवलंही जात नाही.

त्या कॅल्क्युलेटरच्या पोटात काय आहे, हे कधी कुणी विचारलंय? कॅसिओच्या एफएक्स-९९१ एमएस या मॉडेलवर इंटिग्रेशनचं बटण आहे आणि ते आतून सिम्पसनचाच नियम वापरतं. पोरगं अर्धा तास सिम्पसनचा नियम लिहितं, मग बटण दाबून उत्तर ताडून बघतं.

दोन्ही एकच आहेत, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

पेपरातली गणितं गुणी बाळासारखी वागतात. पहिला अंदाज कुठलाही धरा, उत्तर आपणहून जवळ येतं. खरं गणित असं वागत नाही. हे समीकरण बघा: क्ष³ − २क्ष + २ = ०. न्यूटन-रॅफसन लावा, सुरुवात शून्यापासून करा. पुढचा आकडा येतो १. त्याच्या पुढचा ०. मग पुन्हा १, पुन्हा ०. संगणक रात्रभर चालू ठेवा, सकाळी तेच. खरं उत्तर उणे १.७७ च्या आसपास बसलेलं आहे, आणि पद्धत त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

पद्धत बरोबर, सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर. उत्तर नाही. असं होऊ शकतं, हे चार वर्षांत एकदा तरी डोळ्यांनी बघायला नको का?

दुसरं घ्या. क्ष + य = २. क्ष + १.०००१ य = २.०००१. उत्तर सरळ आहे, दोन्ही १. आता शेवटच्या आकड्यात एक दशसहस्रांश वाढवा, २.०००२ करा. उत्तर होतं क्ष शून्य आणि य दोन. सगळंच बदललं. साइटवर टेप धरणाऱ्याच्या हातून याहून मोठी चूक रोज होते.

अशी समीकरणं ओळखायची कशी, हा खरा इंजिनिअरिंगचा प्रश्न आहे. त्याला पेपरात किती मार्क?

तिसरं उदाहरण माझ्या सगळ्यात आवडीचं, कारण त्यात पोरांचा हकनाक बळी जातो. एखादी गोष्ट झपाट्याने विझत चालली आहे, तिचा विझण्याचा वेग उरलेल्या मापाच्या पन्नासपट आहे. सुरुवात १ पासून. ऑयलरच्या पद्धतीने ०.१ सेकंदाचं पाऊल टाकलं, की १ चे उणे ४ होतात. उणे ४ चे १६. सोळाचे उणे ६४. विसाव्या पावलाला आकडा एक लाख कोटींच्या वर जातो. खरं उत्तर तोपर्यंत शून्याला टेकलेलं असतं. पाऊल दहापट लहान करा, ०.०१ चं, आणि तेच गणित निमूटपणे विझतं.

संगणकावर हे कळायला दोन मिनिटं लागतात. कागदावर पोरगं दोन पावलं टाकतं, उणे ४ आणि १६ बघतं, आपलंच चुकलं म्हणून खोडतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. चूक पद्धतीची, शिक्षा पोराला.

मग कॉलेजात संगणक नाहीत का? आहेत की. त्याच इमारतीत लॅब आहे. तिथे पहिल्या वर्षाची पोरं प्रोग्रॅमिंग शिकतात. चांदण्यांचा पिरॅमिड छापतात. शब्द उलटसुलट सारखाच आहे का ते तपासतात. फिबोनाचीची मालिका काढतात. त्याच आठवड्यात वर्गात फळ्यावर गाउस-सायडल चालू असतं. गणिताचे सर लॅबमध्ये येत नाहीत, प्रोग्रॅमिंगच्या मॅडम गणिताच्या वर्गात जात नाहीत. दोन विषय एकाच मजल्यावर राहतात आणि एकमेकांच्या घरी कधी चहाला जात नाहीत.

पिरॅमिडऐवजी गाउस-सायडल लिहायला लावलं तर एका दगडात दोन पक्षी मरतील. वेळापत्रकात एक ओळ बदलायची आहे. कोण बदलणार?

शिक्षकांना झोडपून मी मोकळा होणार नाही. त्यांच्यातले कितीतरी तासिका तत्त्वावर राबतात. सेमेस्टर सुरू होतं न होतं तोच अंतर्गत परीक्षा येते, मग सबमिशन, मग ओरल. लॅबमधली निम्मी मशिन बंद. बॅच मोठी. अशा माणसाला "नवीन काही करा" म्हणून उपदेश करणं सोपं आहे. पण पेपर काढणारे, अभ्यासक्रम ठरवणारे, मंडळांवर बसणारे तासिका तत्त्वावर नसतात. जे विचारलं जातं तेच शिकवलं जातं, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांनी पेपर बदलला तर वर्ग आपोआप बदलेल.

कागदोपत्री सगळं झालेलं आहे, बरं का. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाच्या गणितात गेल्या दशकातच सायलॅब आलं. सायलॅब म्हणजे फ्रान्सच्या इन्रिया संस्थेत जन्मलेलं, फुकट मिळणारं गणिती सॉफ्टवेअर. पवईच्या आयआयटीत फॉसी नावाचा प्रकल्प केंद्र सरकारच्या पैशावर त्याचा प्रसार करतो. इंजिनिअरिंगच्या नेहमीच्या पुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं त्यांनी विद्यार्थ्यांकडूनच सायलॅबमध्ये लिहून घेतली आणि सगळ्यांसाठी खुली ठेवली. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे छोटे पाठ मराठी आवाजातही आहेत. फुकट. आणि आयआयटीचं जवळचं स्टेशन कांजूरमार्ग, ते आपल्या विठ्ठलवाडीहून लोकलने तासाभरावर आहे.

एवढं सगळं हाताशी असून झेरॉक्सच्या दुकानात रांग का? कारण सायलॅबच्या तासाला फाईल तपासतात, संगणक तपासत नाहीत. आउटपुट छापलेलं असलं की पुरे. ते कुणाच्या मशिनवर, कोणत्या साली निघालं, हे विचारायची पद्धत नाही.

साधनं नव्हती तेव्हा काय होतं, तेही ऐका. १९६३ मध्ये आयआयटी कानपूरला आयबीएम १६२० हा संगणक आला आणि तिथल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना त्यावर प्रोग्रॅमिंग शिकवायला सुरुवात झाली. एक यंत्र, अख्खं कॉलेज. त्या अनुभवातून प्राध्यापक राजारामन यांनी संगणकासाठीच्या संख्यात्मक पद्धतींवर पुस्तक लिहिलं, ते देशभर लागलं. मुंबईत टीआयएफआरला १९६४ मध्ये सीडीसी ३६०० आला. पवईला साठच्या दशकाच्या उत्तरार्धात सोव्हिएत बनावटीचा मिन्स्क-२ आला, सेकंदाला पाचेक हजार क्रिया करणारा. प्रोग्रॅम लिहायचा, द्यायचा, निकालाची वाट बघायची, चूक निघाली की पुन्हा पहिल्यापासून. तेव्हाच्या पोरांनी हे केलं.

आज कॅम्प ५ मधल्या रिक्षात बसलेल्या पोराच्या हातातला फोन सेकंदाला अब्जावधी क्रिया करतो. त्याच्यावर ब्राउझरमध्ये पायथन चालतं. परीक्षेच्या दिवशी तो फोन बॅगेत ठेवून बॅग वर्गाबाहेर ठेवायला लावतात.

"पण हाताने केल्याशिवाय कळत नाही हो," असं ज्येष्ठ प्राध्यापक म्हणतात. मान्य. एकदा करा. एक पाऊल, फार तर दोन. सूत्र कुठून आलं ते आकृती काढून समजून घ्या. पण सगळंच हाताने करायचं तर किती वेळ जातो, तेही बघा. ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्डसन यांनी पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवता चालवता सहा तासांच्या हवामानाचा अंदाज हाताने काढला. त्याला त्यांचे काही आठवडे गेले. निघालेला दाबाचा फरक निसर्गात घडणं शक्य नव्हतं. १९२२ मध्ये त्यांनी तो सगळा हिशेब, चुकीसकट, पुस्तकात छापला.

स्वतःचं चुकलेलं उत्तर छापणारा तो माणूस मोठा होता. आपल्या जर्नलमध्ये चुकलेलं उत्तर छापलं तर सही मिळेल?

रिचर्डसन यांची वाट पुढे बरोबर ठरली. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेत सप्टेंबर २०२४ पासून अर्का नावाचा महासंगणक चालतो. मे २०२५ पासून आपला देश ६ किलोमीटरच्या चौकटींवर हवामानाचा अंदाज काढतो. अशा एका चौकटीत अख्खं उल्हासनगर मावतं. आत काय चालतं? समीकरण घ्यायचं, छोटं पाऊल टाकायचं, पुढचा आकडा काढायचा. ऑयलर आणि रुंग यांचंच कूळ.

आता नाण्याची दुसरी बाजू. तिचा मला जास्त राग येतो.

तिसऱ्या-चौथ्या वर्षाला पोरांच्या हातात मोठी सॉफ्टवेअर येतात. इमारतीचा सांगाडा काढा, भार टाका, बटण दाबा. लाल-पिवळ्या-निळ्या रंगांचं सुंदर चित्र येतं. प्रोजेक्टच्या अहवालात ते रंगीत पानावर छापतात. लाल म्हणजे काय, निळं म्हणजे काय, ते कळतं. आकडा खरा कशावरून, हे कुणी विचारत नाही. पहिल्या वर्षाला संगणकावाचून पद्धत शिकले, शेवटच्या वर्षाला पद्धतीवाचून संगणक. मधला पूल बांधलाच नाही, आणि यांना पूल बांधायला पाठवायचं.

नॉर्वेची गोष्ट आहे. २३ ऑगस्ट १९९१. स्लेप्नर-ए या तेलफलाटाचा काँक्रीटचा प्रचंड पाया समुद्राच्या खाडीत चाचणीसाठी हळूहळू बुडवत होते. एक भिंत फुटली, पाणी शिरलं, सगळं तळाला गेलं. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचं. चौकशीत निघालं की संगणकावरच्या विश्लेषणात त्या भिंतीतला कातरताण ४७ टक्क्यांनी कमी आला होता. गणितासाठी काँक्रीटचे जे तुकडे कल्पिले होते, ते त्या जागी फार ढोबळ होते.

पुढचा भाग नीट वाचा. नंतर तेच विश्लेषण, तीच पद्धत, बारीक तुकडे करून पुन्हा चालवली. उत्तर आलं, भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती.

पद्धत आंधळी नव्हती. वापरणाऱ्याने डोळे मिटले होते.

त्याच वर्षी २५ फेब्रुवारीला सौदी अरेबियात धाहरानला एक क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडलं, २८ मेले. त्याला अडवणारी पेट्रियट यंत्रणा चालू होती, पण तिचं घड्याळ चुकलं होतं. ती वेळ दशांश सेकंदांत मोजायची. ०.१ हा आकडा संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमका लिहिताच येत नाही, शेपूट कापावं लागतं. कापलेलं शेपूट नगण्य. यंत्रणा सलग १०० तास चालली आणि नगण्य साठत साठत ०.३४ सेकंद झालं. तेवढ्या वेळात क्षेपणास्त्र अर्धा किलोमीटर पुढे जातं.

राउंड-ऑफ एरर. आपल्या पुस्तकात पहिल्या प्रकरणात असतो. "इम्पॉर्टंट नाही" म्हणून सोडतात.

परदेश पुरे. आपल्या महाराष्ट्रात या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसं गेली. कोयना धरण, १०३ मीटर उंचीचं, उभं राहिलं. पण वरच्या भागात जिथे भिंतीचा उतार बदलतो, तिथे तडे गेले. धरणाच्या आतल्या गॅलरीत बसवलेल्या यंत्राने जमिनीचा हादरा नोंदवला होता. काँक्रीटचं एवढं मोठं धरण, जवळचा एवढा मोठा भूकंप आणि हाताशी त्याची नोंद, हे तिन्ही एकत्र जगात क्वचितच मिळालं होतं.

मग काय झालं? अमेरिकेत बर्कलीला प्राध्यापक अनिल चोप्रा यांनी चक्रवर्ती यांच्यासोबत कोयनेचं धरण संगणकात उभं केलं, हादऱ्याची नोंद पावलापावलाने त्याला दिली आणि ताण कुठे वाढतो ते काढलं. उत्तर आलं, जिथे उतार बदलतो तिथेच. तडे तिथेच पडले होते. १९७३ मध्ये तो शोधनिबंध छापून आला. तेव्हापासून धरणांच्या भूकंप-गणिताची नवी पद्धत कुणी काढली, की ती आधी कोयनेवर घासून बघतात. अबॅकस या जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या उदाहरणसंग्रहात आपलं कोयना धरण आहे. कुठल्या कुठल्या देशांतली पोरं ते सोडवत बसतात.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या पोरांना कोयना माहीत आहे ते विजेसाठी आणि भूगोलाच्या नकाशात. आपल्या घरचं गणित आपण जगाला शिकायला दिलं आणि आपल्या पोरांना पिरॅमिड छापायला बसवलं.

दहा सेकंदांचा हादरा, शंभरांश सेकंदाचं पाऊल, म्हणजे हजार पावलं. कॅल्क्युलेटरवर एका पावलाला दहा मिनिटं धरली तर न झोपता सात दिवस. संगणकावर डोळ्याचं पातं लवायच्या आत. सुरुवातीला धरणाला एक वस्तुमान आणि एक स्प्रिंग समजा, दुसऱ्या वर्षाच्या पोराला जमेल. मग दोन वस्तुमानं घ्या. मग पाऊल दुप्पट करून बघा, उत्तर कधी बिघडतं ते शोधा. एका सेमेस्टरचं काम आहे. एवढं केलेल्या पोराला वायवाला घाम फुटणार नाही.

आता घराच्या उंबऱ्याशी या.

उल्हासनगर हे लष्करी छावणीच्या बराकींत वसलेलं शहर. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं इथे आली, १९४९ मध्ये शहराला नाव मिळालं. बराकींच्या जागी घरं झाली, घरांवर मजले चढले. किती चढले, कसे चढले, हे सगळ्यांना माहीत आहे. बेकायदा बांधकामं नियमित करायला २००६ मध्ये या एका शहरापुरता वेगळा कायदा करावा लागला. मे २०२१ मध्ये एकाच महिन्यात दोन इमारतींत वरचे स्लॅब खाली आले आणि माणसं गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथे कॅम्प ५ मध्ये तेच झालं, चार जणांचा जीव गेला.

ते स्लॅब का पडले, याचं उत्तर गणिताच्या वर्गात शोधण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. वाळू, सिमेंट, गळती, लोभ, डोळेझाक, या गोष्टी फळ्यावर येत नाहीत. माझा प्रश्न पुढचा आहे. एक स्लॅब पडला तर खालचा का टिकत नाही? वरचा पडून खालचाही, त्याच्या खालचाही, तळमजल्यापर्यंत. तिसऱ्या वर्षाच्या सिव्हिलच्या पोराला विचारा.

पुस्तकातलं साधं सूत्र आहे. वजन नुसतं एकदम टेकवलं, उंचीवरून न टाकता, तरी परिणाम दुप्पट होतो. तीन मीटरवरून टाकलं आणि तेच वजन हळूच ठेवल्यावर स्लॅब एक सेंटिमीटर वाकत असेल, तर सूत्राप्रमाणे परिणाम पंचवीसपट. कुठलाही घरगुती स्लॅब पंचवीसपट भारासाठी बांधत नाहीत. इथवर हाताने येतं. पण स्लॅब काही रबराचा नसतो. तो तडकतो, त्याची ताकद क्षणाक्षणाला बदलते, सळई ताणते, कोपरा सुटतो. प्रत्येक क्षणी समीकरण वेगळं. इथे सूत्र थांबतं आणि पावलापावलाचं गणित सुरू होतं. हे गणित संगणकाशिवाय होत नाही.

राज्याच्या महापालिका कायद्याप्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं. ऑडिट करणारा इंजिनिअर कुठून येतो? याच लोकलने जाऊन शिकलेला असतो. ऑडिटच्या कागदावर एक आकडा असतो, त्याखाली सही असते. सोसायटी तो आकडा देवासारखा मानते. सहीवाल्याने जर्नलच्या वेळी काय केलं होतं, हे आपण कधी विचारतो का?

म्हणून त्या झेरॉक्सच्या दुकानातलं "सही मिळते" माझ्या कानातून जात नाही. सहीची सवय तिथेच लागते.

काय करावं, हे विचारणाऱ्यांसाठी सांगतो. पेपरातली चार आवर्तनं बंद करा. त्या मार्कांची परीक्षा लॅबमध्ये घ्या, मशिनसमोर बसवून. विद्यार्थ्याला बिघडलेलं उत्तर द्या आणि का बिघडलं ते विचारा. पाऊल मोठं होतं? सुरुवात चुकली? समीकरणच नाजूक होतं? आकड्याची शेपटी कापली गेली? हे छापून आणता येत नाही. आणि प्रत्येक उत्तरापुढे एक ओळ सक्तीची करा: हे उत्तर जास्तीत जास्त कितीने चुकलेलं असू शकतं. ती ओळ नाही, तर सही नाही.

आकडे बाहेरून आणायची गरज नाही. पावसाळ्यात बदलापूरच्या बॅरेजवर उल्हास नदीची पातळी मोजतात. १६.५० मीटर ही इशारा पातळी, १७.५० मीटर धोक्याची. सकाळपासूनचे चार आकडे पोरांना द्या. नदी १७.५० ला कधी पोचेल, ते काढायला लावा. एकाने सरळ रेषा धरली, दुसऱ्याने वक्र, तिसऱ्याने पावसाचा आकडाही घेतला. संध्याकाळी नदी स्वतः उत्तर तपासून देईल. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस याच नदीच्या पाण्यात अडकली होती, हजाराहून जास्त प्रवासी तासन्‌तास आत होते. हे गणित त्या रुळांशेजारून रोज कॉलेजला जाणाऱ्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

तुमच्या घरात इंजिनिअरिंगला जाणारं पोर असेल तर आज जेवणं झाल्यावर त्याला फोनवर पायथन उघडायला सांगा. ०.१ हा आकडा एकेक करून दहा वेळा मिळवायला लावा. उत्तर १ येणार नाही. ०.९९९९९९९९९९९९९९९९ येईल. का, ते त्याला विचारा. धाहरानचा तोच ०.१ आहे. त्याला सांगता आलं नाही, तर रागावू नका. पुढच्या पालक सभेला जा आणि हाच प्रश्न तिथे उभे राहून विचारा.